मिटायचं गाणं

५ जानेवारी

पोचले एकदाची! पुकाल्पा शहराच्या धक्क्यापासून होडीनं इथपर्यंत माझ्या पिशवीवर कुणाचीशी कोंबडी ठाण मांडून बसली होती. हाकललं तर माझ्यावरच डोळे वटारायची. मी म्हटलं, बस बाई, आज तुझाच मान.

घर तळ्याकाठी, खांबांवर उभं. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि खालच्या पायरीला एक जुनी होडी बांधलेली आहे. तिला भोक आहे. होविता म्हणते, हिच्यात बसायचं तर पाणी उपसायला डबा घेऊन बसावं. होविता म्हणजे इथली स्वयंपाकीण. तिनं आल्या आल्या भाजलेला मासा पुढ्यात ठेवला, वर मीठ आणि लिंबू. औषधाची गाणी शिकत होते तेव्हा एर्सिलिया मावशीनं वर्षभर मला मीठ शिवू दिलं नव्हतं. साखर नाही, तिखट नाही, नवरा तर नाहीच, आणि तो तसाही पळालेलाच होता. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणीच आलं. होविता म्हणाली, अगं काटा लागला की काय? म्हटलं, काटा नाही गं, मीठ लागलं.

मालक म्हणजे डॉक्टर टोर्बेन. डेन्मार्कचा, ताडमाड, उन्हानं कोळंबीसारखा लाल झालेला. मनाचे आजार बघतो. त्याच्या देशातल्या दवाखान्यात रोग्याला अळंबीची गोळी देतात आणि डोळ्यांवर पट्टी बांधून निजवतात, जसं आम्ही वेलीचा काढा देऊन निजवतो. पण तिकडे गायला माणूस नाही. गाण्यावाचून औषध म्हणजे वल्ह्यावाचून होडी, एवढं त्यालाही उमगलंय, म्हणून मला बोलावलं. मी यंत्रात गायचं, ते तिकडे रोग्यांच्या कानात वाजणार.

ही वही त्यानंच दिली. तिकडचे रोगी रोज हिच्यात एकाच प्रश्नाचं उत्तर लिहितात म्हणे: आज काय वाटलं? मलाही लिहायला सांगितलंय. तर घ्या. आज फार आनंद वाटला. फेब्रुवारीत वेस्ना येणार आहे. माझी पोर, सहा वर्षांची, लिमात आजीजवळ सिमेंटवर वाढली. आम्हा नदीकाठच्या शिपिबो लोकांची मुलगी असून पोहता येत नाही, ऐकणारा हसेल! या सुट्टीत तिला पाण्यात उतरवणारच.

९ जानेवारी

आज भर दुपारी गायले. आमच्याकडे अंधाराशिवाय गात नाहीत, पण यंत्राला काय दिवस नि काय रात्र. खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत. समोर निजलेलं कुणी नाही, म्हणून टोर्बेननं चटईवर एक उशी ठेवली. म्हणाला, हाच रोगी समज. होवितानं दारातून डोकावून विचारलं, काय गं, उशीला कसला आजार? हसू आवरेपर्यंत दोनदा थांबावं लागलं.

मग मात्र सूर लागला. डोळे मिटले की माझी आजी लुगड्यावर भरायची तीच नक्षी दिसते, रेघेतून रेघ फुटत जाते, आणि गळा नुसता तिच्यामागून चालतो. असं गाणं आलं की मला स्वतःचाच हेवा वाटतो.

शेवटी टोर्बेन म्हणाला, आता मिटायचं गाणं गा. मी साफ नाही म्हटलं. उघडायच्या गाण्यानं माणूस उघडतो, आणि त्याचं दुखणं गाण्यावरून चालत गाणाऱ्यापर्यंत येतं. आपण ते तंबाखूच्या धुरासकट तिथल्या तिथे थुंकून टाकतो. मग मिटायचं गाणं म्हणून दोघांनाही मिटून घ्यायचं, रोग्याला आणि स्वतःला. पण त्यासाठी माणूस समोर हवा. रिकाम्या चटईवर मिटायचं गाणं म्हणणं म्हणजे घरात मयत बोलावणं, हे मावशीनं माझ्या डोक्यात ठोकून बसवलंय. टोर्बेननं दोन-तीनदा गळ घातली, मग हात टेकले. बरं म्हणाला, सगळी जादू तर उघडण्यातच आहे.

आज काय वाटलं? अभिमान. मावशीचा नियम मोडला नाही.

१७ जानेवारी

गाणी तिकडे पोचली आणि वाजलीसुद्धा! टोर्बेननं बिअर उघडली. तिकडे एक म्हातारा आहे, बायको गेल्यापासून त्याला प्रत्येक घास मातीसारखा लागायचा. परवा माझं गाणं ऐकून उठला आणि उकडलेल्या अंड्यावर मीठ मागितलं. मीठ चाटत लहान पोरासारखा रडला म्हणे. मला इतकं बरं वाटलं की टोर्बेनच्या पाठीत एक धपाटाच घातला.

रात्रीचा मासा अळणी होता. होविताला म्हटलं तर ती तडकली. दोन चिमट्या टाकलंय, जीभ काय पुकाल्पाला ठेवून आलीस? मी वरून आणखी मीठ घेतलं. सर्दी झाली असावी.

२४ जानेवारी

फोन आला, मामा वारला. त्यानंच मला पोहायला शिकवलं होतं, शेंडी धरून पाण्यात सोडायचा. मी पायरीवर बसून राहिले. जवळून मुंग्या चालल्या होत्या, त्या बघितल्या. होविता मामाला ओळखतही नव्हती, तरी माझ्या गळ्यात पडून रडली.

आमच्यात बायका मोठ्यानं आक्रोश करतात. नाही केला तर मेलेल्याला वाट सापडत नाही. म्हणून केला. आवाज अगदी बरोबर निघाला. होविता पुन्हा रडली.

संध्याकाळी टोर्बेन सांगत आला की तिकडे एका जुन्या सैनिकाला रडू फुटलं. वीस वर्षं कोरडा होता.

आज काय वाटलं? मुंग्या पुष्कळ होत्या.

२९ जानेवारी

मावशीला फोन केला, सगळं सांगितलं. आधी तर शिव्यांची लाखोलीच वाहिली. गाढवे, उशीपुढे गायलीस? उघडलंस आणि मिटलं नाहीस, आता ते दार उघडंच आहे. तिकडच्यांचं दुखणं निघून जाणार कुठे? तुझ्याच घरात येणार ना, बये! मी म्हटलं, तूच शिकवलंस की माणूस नसेल तर मिटू नये. तर म्हणाली, माणूस नसेल तर उघडूही नये, हे काय वेगळं शिकवायचं असतं?

मग शांत झाली. म्हणाली, आजच्या आज त्या डॉक्टरला सांग, वाजवणं बंद कर. ते थांबलं की मी येऊन तुला मिटते. आधी मिटलं तर त्यांचं सगळं तुझ्या आतच राहील.

लगेच गेले. टोर्बेन पिकल्या केळ्यांचं चापो पीत होता. मलाही पेला दिला. प्यायले. पेला धुतला. परत आले.

सांगायचं राहिलं.

३ फेब्रुवारी

चुलीवरच्या भांड्याला हात लागला. दुखलं, चांगलं दुखलं. पण काढावासा वाटला नाही. होवितानं ओरडत हात ओढला. तळव्याची कातडी निघाली आहे. ती म्हणते, तुला भीती नाही वाटत का गं?

वाटायला हवी, हे कळतं. ती जिथे असायची तिथे चाचपते — तिथे काही नाही.

तिकडे एक बाई घराबाहेर पडायला घाबरायची. आता समुद्रावर जाते म्हणे.

८ फेब्रुवारी

शेवटी होवितानंच टोर्बेनला सांगितलं. तो हसला नाही. माझा तळवा बघितला आणि स्वतःच पांढराफटक पडला. म्हणाला, लगेच थांबवतो. पण गाणी आणखी दवाखान्यांत गेली आहेत, सगळ्यांना कळवायला वेळ लागेल.

मग त्यानं यादी बघितली. आज कुणाकुणाला गोळी आहे. त्यात एक आई आहे. मूल झाल्यापासून तिला ते आपलं वाटत नाही. मांडीवर घेते, खाली ठेवते. मी म्हटलं, हिला नको. बाकी कुणालाही चालेल — हिला नको.

पण माझ्या आवाजात काहीच नव्हतं. मीठ नको म्हणावं, तसं म्हटलं. तो म्हणाला, बघतो, प्रयत्न करतो.

वेस्ना तीन दिवसांत येते.

११ फेब्रुवारी

वेस्ना आली. केसांत लाल फीत. धावत येऊन पायांना बिलगली. मी डोक्यावर हात ठेवला. केस गरम होते, ऊन होतं.

टोर्बेन कागद घेऊन आला. त्या आईनं मूल छातीशी धरलं, सोडायलाच तयार नाही — एवढं वाचून त्यानं माझ्याकडे बघितलं. मग वेस्नाकडे. पुढचं वाचलं नाही.

१२ फेब्रुवारी

ती विचारते, आई, रागावलीस का? नाही म्हटलं. मग माझ्याशी का बोलत नाहीस? बोलते की.

मावशी निघाली आहे, परवा पोचेल. मिटायला.

वेस्नाचं तोंड बघते. नाक माझं आहे. झोपेत हात माझ्यावर टाकते. उचलून बाजूला ठेवते. चूक आहे हे माहीत आहे —

१३ फेब्रुवारी

इथला फोन सकाळपासून बंद. टोर्बेन पुकाल्पाला गेला, गाणी थांबवण्यासाठी फोन करायला. होविता बाजारात. जाताना मला दोन्ही खांद्यांना धरून म्हणाली, पोरीकडे लक्ष ठेव, पाण्याजवळ सोडू नकोस. मी हो म्हटलं.

पायरीवर बसून लिहिते आहे. स्वच्छ ऊन आहे.

वेस्ना होडीत बसली आहे. मला दाखवायला, की तिला वल्हवता येतं. दोर सुटला. होडी बरीच आत गेली. डबा इथेच पायरीवर आहे.

पाणी शिरतंय. ती उभी राहिली. उभं राहू नये होडीत. सांगायला हवं.

हाक मारते आहे. आई. आई. आवाज चांगला आहे. गाण्याचा गळा आहे.

उठायचं आहे. पाय आहेत. मला पोहता येतं, मामानं — ही एवढी ओळ झाली की

हाक थांबली.

आज काय वाटलं?

आज