होसोयाच्या वडिलांची गाडी

न्युरेम्बर्ग,
८ नोव्हेंबर १९६४

ती. अण्णा,

तुम्हाला आणि आईला साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी मरणाची पडलीय, सुधाताईने विणलेला स्वेटर अंगातून निघत नाही. कारखान्यातलं शिक्षण ठीक चाललंय. बटाटे खाऊन खाऊन मात्र जीव विटला.

खंडेनवमीला पूजा केलीस का, असं तुम्ही विचारलंत. केली. झेंडू कुठला इथे! माझ्या हिशेबाच्या पट्टीला, स्लाइडरूलला, कुंकू लावलं, घरमालकिणीच्या कुंडीतलं एक फूल वाहिलं. माझ्या खोलीतला जपानी सोबती होसोया, तोही शेजारी येऊन वाकला. फार सज्जन माणूस. त्याचे वडील तिकडे विजेची गाडी चालवायचे. शहरात झिजलेली जुनी गाडी, मग गावाकडच्या लहान लाइनवर कितीतरी वर्षं धावली.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरून त्या गाडीचा फोटो आला. ती आता मोडीत निघाली. होसोयाने तो आम्हा भाडेकरूंच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. सगळे हसले. मीही हसलो, अण्णा. चांगला खो खो हसलो.

क्रेमर म्हणून एक भाडेकरू आहे, त्याने मला विचारलं, “काय रे, तुम्ही भारतातही यंत्रांच्या पाया पडता का?”

“छे! आमच्याकडे असले अडाणी कोणी नाहीत.”

म्हणताना मिरजेच्या शेडमध्ये इंजिनाला हार घालणारे तुम्ही डोळ्यांसमोर होतात. तरी जीभ रेटली.

क्रेमर होसोयाकडे वळला. “तू याच्याच खोलीत राहतोस. खरं का रे?”

“हो,” होसोया म्हणाला. “मी तरी कधी पाहिलं नाही.” आणि फोटो खिशात घातला.

त्याने माझी लाज राखली हो! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो नेहमीसारखाच वागतो, सकाळी चहासुद्धा करून देतो.

आज दुपारी सगळे जेवत असताना मी उठून उभा राहिलो. म्हटलं, मीही पूजा करतो, माझे वडील करतात, त्या दिवशी मी खोटं बोललो आणि होसोयाने मला सांभाळून घेतलं. क्रेमर “अस्सं होय” म्हणाला आणि त्याने मीठ मागितलं. बस्स. कोणी हसलंसुद्धा नाही. एवढ्याशाला भिऊन मी तुम्हाला अडाणी म्हणालो.

आईला यातलं काही सांगू नका. रागवा, हवं तेवढं रागवा, पण गप्प बसू नका.

खाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहायला हात धजत नाही.

श्रीनाथ