दुसरा फोटो

अलीगंज, लखनौ
१४ जून २०२५

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. तुमचं पत्र येऊन महिना झाला. उशिराला कामाचं कारण सांगणार होते, पण ते खरं नाही. आईचा गुडघा कसा आहे? इथे ऊन मी म्हणतंय. प्रथमेशच्या शाळेला सुट्टी लागलीये. दिवसभर हिंदीत भांडतो आणि भूक लागली की मराठीत बोलतो.

माझा अहवाल सरकारने मंजूर केल्याचं कळल्यावर तुम्ही पेढे वाटलेत. त्यात काय होतं ते तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं. रोजगार हमीच्या कामांवर खोटी हजेरी लागते, म्हणून मी सुचवलं होतं की मजुरांचा फोटो मोबाईलवर दोनदा काढावा, सकाळी आणि दुपारी दोननंतर. दुसऱ्या फोटोत जो नसेल त्याचा दिवस धरायचा नाही. काही गावांत हा नियम लगेच लागू झाला.

वीस मेला मी तो बघायला गेले. सरोजिनी नगर सोडून कानपूर रोडने पुढे आत एक गाव आहे, तिथे तळ्याचं खोदकाम चालू होतं. चाळीसेक बायका होत्या. त्यांच्यावर देखरेख करणारी चेतना गावातलीच, बारावी शिकलेली. सगळं शिस्तीत चाललं होतं आणि मला फार बरं वाटत होतं, बाबा.

अकराच्या सुमारास सुखरानी नावाची एक बाई पोट धरून खाली बसली. सातवा महिना होता. तिची सासूही कामावर होती, तिने तिला सावलीत नेलं. थोड्या वेळाने चेतना माझ्याकडे आली.

“मैडम, इनका फोटो अभी ले लें? घर भेज देते हैं.”

ऑफिसातल्या लोकांना मी एवढंच सांगितलं होतं की मी तेव्हा तिथे होते. चेतनाने मला विचारलं होतं, हे त्यांना सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, “दो बजे से पहले नहीं हो सकता.” उन्हाने थकली असेल असं वाटलं. एकीला सूट दिली की उद्या दहाजणी मागतील, असंही वाटलं. माझी गाडी तिथेच उभी होती.

सुखरानी थांबली. दिवस बुडवणं तिला परवडणारं नव्हतं. पावणेदोनच्या आसपास बायकांनी पदर धरून आडोसा केला. मी गाडी जवळ आणायला धावले, पण तोवर सगळं झालं होतं. मुलगी होती. रडली नाही. सासूने तिला पाठीवर चोळलं, तोंडात फुंकलं, मग ओढणीत गुंडाळलं.

आम्ही सुखरानीला गाडीत घेत होतो. तेवढ्यात सासू चेतनाकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “बिटिया, दो बज गए. फोटो खींच लो.”

चेतनाने फोटो काढला. सुखरानी माझ्या गाडीत आडवी होती, दार उघडं होतं. मोबाईलवर तिची हजेरी लागली.

ती वाचली. दवाखान्यात दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला तिने विचारलं, तळ्याचं काम अजून चालू आहे का. मला ती ओळखत नव्हती. मी सांगितलं, हा नियम मी केला आणि त्या दिवशी ‘नाही’सुद्धा मीच म्हणाले. ती कूस बदलून भिंतीकडे वळली.

आमचे संचालक मधुसूदन सर म्हणाले की जे झालं ते नियमात बसत होतं, तुझा दोष नाही, चौकशीत चेतनाचं नाव पुरेसं आहे. चेतनाला आता कामावरून काढतायत.

काल मी चौकशी समितीला सगळं लिहून दिलं. चेतनाने परवानगी मागितली होती आणि मी नाकारली, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. नोकरी राहील की नाही, माहीत नाही. नियम तूर्त थांबवलाय.

झोप लागते, बाबा, याचंच भय वाटतं.

आशीर्वाद मागत नाही. रागवा, काय वाटेल ते लिहा, पण लिहा.

हिमानी