पाऊण मिलीमीटर

आबा, तुमचा रूळ काल मी उखडला. अख्खा. पुन्हा बसवणार आहे, बरोबर मापानं. माझ्या बारामतीच्या फ्लॅटमध्ये तुमची ती रूळ ठोकलेली नऊ फुटी फळी भिंतीला टेकून वर्षानुवर्षं धूळ खात होती. काल आडवी पाडली आणि चिमट्यानं एकेक खिळा काढला. खिळा कसला, टाचणीच ती, कापून वाकवलेली. रुळाखालच्या एका आडव्या स्लीपरला चार. काडीपेटीतल्या काडीएवढे ते सागवानी स्लीपर तुम्ही चहाच्या पाण्यात बुडवून काळपट करायचात, निरवांगीच्या ओढ्यातली बारीक खडी चहाच्याच गाळणीनं चाळायचात, आणि मग आई चहा कशानं गाळायची ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. वालचंदनगरच्या क्वार्टरची पुढची खोली तुमच्या खेळण्यातल्या रेल्वेनं अडवलेली, आम्ही स्वयंपाकघरात पाय मुडपून झोपायचो. बाजारातला तयार रूळ दिसला की तुमचं नाक वर. "प्लास्टिक हाय ते. खरा रूळ हातानं बसवायचा असतो." काय ती ऐट! होतात कारखान्यात फिटर, पण बोलणं असं की देशातली सगळी रेल्वे तुम्हीच टाकलीय.

सगळी मदार तुमच्या गेजवर. पितळेचा तुकडा, त्याला दोन खाचा. दोन्ही रूळ खाचांत बसले की मधलं अंतर बरोबर. स्वतः घासून केलेलं, म्हणून त्यात चूक असणंच शक्य नाही! कायम शर्टाच्या खिशात. दहावीच्या सुट्टीत तुम्ही ड्यूटीवर असताना मी एक फूट रूळ बसवला. गेज तुमच्याकडे, म्हणून कारखान्यातल्या साहेबांनी तुम्हाला दिलेल्या त्या परदेशी मासिकातलं माप पट्टीवर धरलं, साडेसोळा मिलीमीटर. तीन दिवस खपले. तुम्ही आलात, डबा ठेवलात आणि हात न धुता गेज लावलंत. बसेना. समोर मामा चहा पीत बसलेले. "पोरीच्या हाताला माप न्हाय," म्हणालात आणि स्क्रूड्रायव्हर घालून सगळं उचकटलंत. मामा म्हणाले, "दाजी, ऱ्हाऊ द्या की, फूटभरच हाय." तर म्हणे, "फूटभर असू दे न्हायतर इंचभर, चूक ती चूक." आणि मला ते खरं वाटलं, हा माझा मूर्खपणा.

मग ती बुद्धपौर्णिमा. माझ्या पहिल्या पगाराचं इंजिन आलेलं. वंदना झाली, खीर झाली, अर्धी कॉलनी पुढच्या खोलीत दाटलेली. तुम्ही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. इंजिन ठेवता, बटण दाबता. वीतभर जातं, अडखळतं, चाकं रुळावर चढतात आणि आडवं. पुन्हा ठेवता. पुन्हा आडवं. "इंजिनच खोटं हाय. बाजारचा माल!" असं चारचौघांत सांगून मोकळे. मग तुम्ही जाईपर्यंत दोन वर्षं त्या इंजिनाची चाकं कानशीनं घासत बसलात. शेजाऱ्यांना दाखवलंत, फोरमनला दाखवलंत, मला नाही. मी बारामतीच्या एमआयडीसीत दिवसभर लोकांच्या कामाची मापं तपासते, पास-नापास करते, हे तुम्हाला ठाऊक होतं. एकदा नुसतं "बघ गं जरा" म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? पण पोरीपुढं वाकायचं कसं! तुमचं गेज पाऊण मिलीमीटर कमी होतं, आबा. नऊ फूट रूळ, एक खिळा इकडचा तिकडं न होता, चुकीचा बसवलात. असल्या हट्टाची मला कीव येत नाही, किळस येते.

आता एवढं लिहिलंच आहे, तर उरलेलंही लिहिते. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. ते गेज मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षीच मोजलं होतं. तुम्ही तापानं पडून होतात. खिशातून काढलं, कॉलेजात नेऊन बारीक माप घ्यायच्या व्हर्नियरमध्ये धरलं, तीनदा, आणि संध्याकाळी परत ठेवलं. पुढं दोन वर्षं तुम्ही रूळ बसवत राहिलात, मी शेजारी बसून टाचण्या हातात देत राहिले. इंजिन घेताना दुकानदारानं विचारलं, "रूळ किती मापाचा?" मी बेधडक म्हणाले, "साडेसोळा." आणि ते आडवं पडलं तेव्हा खोलीभर "अरेरे" झालं. मीही म्हणाले. पण आतून मला इतकं बरं वाटलं होतं, आबा, की हसू दिसू नये म्हणून मी खिरीची वाटी तोंडाला लावली.