डाव्या बाजूच्या दोन प्लेटा

१२ जानेवारी १९७२, काष्टी
डॉ. बाईंची जुनी वॅगन माझ्या गॅरेजात आली. काल घोड नदीच्या पात्रात वाळूत रुतली. पलीकडच्या वाडीत एक बाई बाळंतपणात अडली होती, तिच्याकडे निघाल्या होत्या. बैल जुंपून गाडी काढेपर्यंत दोन तास गेले. बाई वाचली. मूल गेलं.
ड्रायव्हर शंकरमामा सांगत होते, मागचं एकच चाक गरगर फिरत होतं, दुसरं जागचं हललं नाही. डॉ. बाईंनी मला विचारलं, असं का झालं. गाडीला हातही न लावता बोलून गेलो, "रेस जास्त दिली असंल." मामांनी माझ्याकडं बघितलं.

१३ जाने.
मागचं एक चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रल, चाक हातानं फिरवलं. या गाडीच्या मागच्या गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, जादा प्लेटा असतात. एक चाक सैल पडलं की त्या दुसऱ्याला ओढायला लावतात. म्हणजे चाक जड लागायला हवं. एका बोटानं फिरलं.
दुपारी बाईंचा कंपाउंडर आला. बाईंनी मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय म्हणाला. डॉ. बाईंकडे पहिल्यापासून तेच होते.

१५ जाने.
गोळा उघडला. तेलात काळा चुरा. प्लेटा घासून आरशागत गुळगुळीत. उजवीकडच्या मोजल्या, डावीकडच्या मोजल्या. डावीकडं दोन कमी.
पुन्हा मोजल्या.
माझ्याशिवाय हा गोळा कुणी उघडलेला नाही. दिवाळीनंतर तेल गळत होतं म्हणून खोलला होता. जोडून झाल्यावर दोन प्लेटा हातात उरल्या. परत खोलायचा कंटाळा केला. चालतंय, असं मनाशी म्हणालो. लष्कराच्या वर्कशॉपात नऊ वर्षं काढलेला माणूस मी.
जेवण गेलं नाही. हिनं विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणालो.

१९ जाने.
पुण्याच्या जुन्या बाजारातून प्लेटा आणल्या. रात्रभर तेलात भिजवल्या. एक आतून दाते असलेली, एक बाहेरून कान असलेली, अशा एकाआड एक बसवल्या. प्रत्येक प्लेट ठेवताना मोठ्यानं आकडा म्हणत होतो. जॅकवर पुन्हा चाक फिरवलं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा हललं.

२० जाने.
डॉ. बाईंना शेजारी बसवून नदीत गेलो. मुद्दाम वाळूत घातली. थोडी बसली अन् दोन्ही चाकांनी सरळ वर आली. बाई म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे. प्लेटा झिजल्या होत्या, एवढंच सांगितलं. खोटं नाही. पण खरंही...

२३ जाने.
मामांच्या घरी गेलो. त्यांनी ओसरीवर घोंगडी टाकली, चहा दिला. त्यांनाच वाटतंय की चुकी त्यांची. पात्राच्या वरच्या अंगानं गाडी घालायला हवी हुती, म्हणत होते. मग माझ्यानं राहवलं नाही. दोन प्लेटांचं सगळं सांगितलं. त्यांनी माझी रिकामी कपबशी उचलून आत नेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"मला सांगून काय उपेग? बाईंना सांग. आन् माझ्या नोकरीसाठी म्हनून नगं सांगू."

२४ जाने.
दवाखान्यात रांगेत बसलो. नंबर आला. बाईंनी विचारलं, काय होतंय. काही होत नाही म्हणालो आणि सांगत गेलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. मामांना आजच निरोप पाठवते म्हणाल्या. त्या वेळेवर पोचल्या असत्या तर मूल वाचलं असतं का, हे मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी उत्तर दिलं. "कदाचित. मला नक्की सांगता येत नाही."
मी उठलो. दाराशी त्यांनी थांबवलं.
"त्या वाडीवरच्या बाईला गाडी रुतली एवढंच माहीत आहे. तिला तुम्ही सांगणार, का मी?"
उद्या मीच सांगतो म्हणालो.