ढोलाविना सात जण

४ ऑगस्ट
माह्या पोरीनं, आकांक्षानं, मोबाईलवर फिनलंडातला बँड दाखवला. सात माणसं, सातही पितळी वाद्यं — ढोल नाही, ताशा नाही! पोरगी सांगत होती, तिकडं गावोगावी असे बँड होते, मग मागं पडले, आता लोक त्यांच्यासाठी नव्या धुना बनवून राहिले. माह्या डोक्यात भुंगाच शिरला. आपल्या बँडातही पितळवाले बरोबर सात. लग्नसराई संपली आहे. धून मीच करतो!

९ ऑगस्ट
बंडू ढोलवाला रुसला. त्याले समजावता समजावता तीनदा चहा झाला.

१४ ऑगस्ट
धून झाली! मांडणी तिकडची, चाल आपल्या वऱ्हाडातली. मधात दोन मात्रा सगळ्यांनी गप्प राहायचं. जठारपेठेतल्या आमच्या बँडच्या दुकानात तालीम घेतली, तर भोंगेवाला धर्मपाल नेमका त्या गप्प जागीच फुंकते! म्हणते, "मास्तर, बँड थांबला का वरातीत भांडण होते." खरंच आहे म्हणा. इतकी वर्षं आमी थांबलोच नाही.

१८ ऑगस्ट
पंचवीसले अमरावतीत कार्यक्रम. लोक खुर्चीवर बसून ऐकणार! कौशल्याले म्हटलं, चल. तर म्हणे, मले काय समजते त्यातलं. तीस वर्षांच्या संसारात बायकोनं मले वाजवताना पाह्यलं नाही. बँडवाल्याच्या बायकोले वरातीचं बोलावणं कोण देते? बाकी हॉल रिकामा राहिला तरी चालते, ही आली पाहिजे.

२३ ऑगस्ट
अजून हो म्हणत नाही.

२५ ऑगस्ट
काय सांगू! पहिल्या दोन ओळी झकास झाल्या अन् आमचे पाय चालू लागले. एका जागी उभं राहून वाजवायची सवयच नाही ना! धर्मपाल पुढं, मागं सगळे — पायऱ्या उतरून थेट खुर्च्यांमधात. मले घाम फुटला. पण गप्प राहायच्या जागी सातही जण गप्प! हॉलही गप्प. मग वाजलं तसे लोक उठले, टाळ्या वाजवत आमच्या मागं दारापर्यंत आले. सगळ्यात जोरात बंडू!
कौशल्या आली होती. तिसऱ्या रांगेत. अकोल्याले येईपर्यंत मात्र एक अक्षर बोलली नाही. नसंन आवडलं. जीव खट्टू झाला.

२६ ऑगस्ट
सकाळी भाकरी थापता थापता कौशल्या म्हणाली, "शेवटची ओळ लवकर संपवता तुमी. अशी पाहिजे." अन् अख्खी धून गुणगुणली — एकदाच ऐकलेली! शेवटची ओळ तिची स्वतःची, माह्यापेक्षा कितीतरी गोड. मी कागद घेऊन ओट्यापाशी गेलो. म्हटलं, पुन्हा म्हण.