दार्खानची उपासना

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
पोचले एकदाची दार्खानला. बर्फ, धूर, पुन्हा बर्फ! दोकहुईने स्टेशनवरच मिठी मारली — "ओकबुनताई, किती वाळलीस गं!" म्हटलं, म्हातारी झाले, दुसरं काय. शाळेत माझ्या मागेमागे फिरणारी ही पोर. आता इथल्या चर्चची पाळकीणबाई — मंगोलियातल्या बायकांना नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवते! कोरियाहून, आमच्या मोकपोतून आणलेली किमची बघून ती आणि तिचे पाळकसाहेब, दोघंही लहान मुलांसारखे हरखले.
गाठीबद्दल बोलले नाही.

शनिवार, १७
दिवसभर झोप. जाग आली की वाटतं, हे सगळं दुसऱ्याच कुणाचं आहे — छातीतली गाठ, डॉक्टर, मंगळवारची शस्त्रक्रिया. मंगळवारी मी इथे असेन, इस्पितळात नाही. मुलाला सांगितलंय, तारीख पुढे गेली. दोकहुईला सांगावं, तर संध्याकाळपर्यंत मोकपोच्या चर्चची सगळी मंडळी माझ्यासाठी उपास धरून बसेल! नकोच. आईचंही कापलं होतं. तरी गेलीच ती.

रविवार, १८
सकाळी उपासना. एका बंद पडलेल्या दुकानाची खोली. मधोमध कोळशाची शेगडी, ओल्या लोकरीचा वास. दोकहुई पुढे पेटीवर. मला मागे एका म्हातारीशेजारी बसवलं. दुल्मा तिचं नाव. दोन दात सोन्याचे.

सगळं मंगोल भाषेत. एक अक्षर कळेना — आणि काय बरं वाटलं! घरच्या चर्चमध्ये हल्ली शब्द न् शब्द टोचतो. विश्वास. आरोग्य. देवाची इच्छा. इथे नुसता आवाज. घशात खरखरत उठायचा, मग माळरानासारखा पसरत जायचा. गीताची चाल ओळखीची निघाली. मी आपले कोरियन शब्द घातले. पाळकसाहेब मध्येच काहीतरी चुकीचं बोलले असावेत, सगळे खो खो हसले. तेही हसले! मोकपोत या माणसाला हसताना कधी पाहिलं नव्हतं. शेगडीच्या उबेत डोळे मिटायला लागले. वाटलं, मी खोल पाण्यात तळाशी आहे आणि वर, काठावर कुणीतरी गातंय.

मग सगळे एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागले. दुल्माने माझा हात हातात घेतला. त्या गलक्यात मी बोलायलाच लागले. देवाशी नाही, तिच्याशी. गाठ, आई, मुलाला मारलेली थाप — सगळं. "मी नाही कापून घेणार. मला भीती वाटते हो!" चक्क मोठ्याने! ती मान हलवत राहिली. तिला काय कळणार! म्हणून तर बोलले. पोटभर रडले. तिने हात सोडला नाही.

सोमवार, १९
हलकं वाटतंय. दोकहुई चिडवत होती — "काल दुल्माकाकूंशी काय एवढं गुलूगुलू?" म्हटलं, हवापाण्याचं! वाफवलेल्या मटणाच्या करंज्या ताटभर खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी भूक लागली.

मंगळवार, २०
आज. एव्हाना मला आत नेलं असतं. बाहेर लख्ख ऊन, बर्फावर निळसर सावल्या. सुटले म्हणावं, तर तसंही वाटत नाही.

बुधवार, २१
दोकहुई बाजारात गेली होती. दार वाजलं — दुल्मा. बुटांवरचा बर्फ झटकला आणि स्वच्छ कोरियनमध्ये, अगदी आमच्याकडच्या हेलात म्हणाली, "बाई, तुमच्या मोकपोजवळच्या ग्वांगजूत, खाणावळीत अर्धा जन्म भांडी घासली मी. रविवारी तुमचं सगळं कळलं. मध्ये बोलले असते, तर तुम्ही गप्प झाला असतात."
मला तोंड लपवावंसं वाटलं. तिने माझा हात धरला आणि कोटाच्या आत नेऊन आपल्या छातीवर टेकवला. एक बाजू सपाट.
"मीही अशीच पळाले होते. मुलीने धरून परत नेलं. बघा — उभी आहे ना तुमच्यासमोर?"
ती गेल्यावर मुलाला फोन लावला.