डाव्या बाजूची वायर

७ ऑक्टोबर २०१२, रविवार

सोल्डरचा डाग बसला, पण मीटर बोलेना – म्हणजे जोड लागलाच नाही! अख्खी दुपार फुकट.

हव्वाच्या हेडफोनची वायर बदलायला घेतली. जुनी कपाटाच्या दारात अडकून तुटली. ती म्हणते, उंदराने कुरतडली – असो. दोह्याहून येताना आणलेला हेडफोन, टाकवत नाही. नवी वायर सोलली तर आत केसासारख्या तारा – एक तांबडी, एक हिरवी, एक तांब्याच्या रंगाची. मला वाटलं उघड्याच आहेत. नाही! तो रंग म्हणजेच इनॅमल, वीज अडवणारा लेप. त्याच्यावरून सोल्डर केलं की वर चकचकीत गोळी बसते आणि आत तार कोरडीच. दोह्यात एकोणीस वर्षं एसीच्या मोटारी उघडल्या, पण तिथली तार जाड, ब्लेडने खरवडायची. ही खरवडली की तुटते.

हव्वा म्हणाली, "राहू द्या हो. मी रेडिओ बारीक आवाजात ऐकते."

बारीक आवाजात का ऐकते? गेल्या वर्षी मीच ओरडलो होतो, डोकं उठतं म्हणून. तेव्हापासून. म्हणून तर हा खटाटोप.

८ ऑक्टोबर

जमलं! सोल्डरिंग आयर्नच्या तापल्या टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घ्यायचा आणि तारेचं टोक त्यात बुडवून धरायचं. इनॅमल जळतं, कडवट धूर निघतो, तार चांदीसारखी होऊन बाहेर येते. मग जॅकला तीन डाग. मीटर वाजलं. माझ्या कानाला दोन्हीकडून आवाज – एकदम साफ.

१० ऑक्टोबर

हव्वा म्हणते, "डावीकडून येत नाही."

मी लावला – येतो. तिने लावला – नाही. कुठेतरी लूज असणार. तिच्या डोक्यावर बसला की वायर वाकत असेल. उद्या उघडतो.

११ ऑक्टोबर

मगरिबच्या नमाजनंतर पुन्हा बसलो. या कामाला तिसरा हात लागतो, तो हव्वाचा. ती तांदळाचं ताट बाजूला ठेवून खुर्ची ओढून शेजारी बसली.

"सरळ धर. हलवू नकोस."

"मी नाही हलत. तुमचाच हात थरथरतोय."

हसलो दोघंही. मग ती आमच्या लेकीच्या, नशराच्या लहानपणीचं सांगत बसली – पोरगी पायरीवरून पडली, हनुवटीला टाके पडले, हिने एकटीने रिक्षा करून दवाखाना गाठला. मला माहीतच नव्हतं! फोनवर सांगितलं नाही म्हणे, तिकडे जिवाला घोर नको. परत येऊन मला दोन वर्षं झाली. आल्यापासून दिवसभर दुकान, संध्याकाळी गॅलरीतलं हे टेबल, स्पीकरची खोकी. तिला काय काय सांगायचं होतं कोण जाणे. मी विचारलं नाही कधी.

१४ ऑक्टोबर

डावी बाजू पुन्हा गेली. माझ्या कानाला मात्र जात नाही. कमाल आहे!

१७ ऑक्टोबर

आज नवीनच. "डाव्या बाजूने गुं-गुं येतं, भुंगा शिरल्यासारखं." आवाज नाही पण गुणगुण आहे – म्हणजे ग्राउंडची तार सुटलेली! तिन्ही डाग काढले, तारा पुन्हा जाळल्या, पुन्हा लावल्या.

"काढून ठेवला तरी येतं हो," म्हणाली.

मी म्हटलं, कानात राहतं थोडा वेळ. राहत असेल.

सकाळी तिला जरा चक्कर आली होती. उपाशीपोटी कपडे धुवायला बसते, दुसरं काय.

१९ ऑक्टोबर

चिडलो आज. जॅक उपटून फेकला. "वायरीत काही नाही! तुझंच लक्ष नसतं!" – तोंडातून गेलं. ती तांदूळ निवडत होती. ताट उचलून आत गेली.

आता वाईट वाटतंय. पण जाऊन सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन आलो. वेगळी वायर मिळाली. हिचं इनॅमल आयर्न टेकवला की आपोआप जळतं. सोन्याचा मुलामा असलेला जॅकही आणला. माफी मागण्यापेक्षा जॅक आणणं मला सोपं!

हव्वाने वायर धरली. डाग असे बसले की कुणालाही दाखवावेत. आता चुकायला जागाच नाही.

लावला. तिने डोक्यावर नीट बसवून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाली, "डावीकडून नाही येत."

२७ ऑक्टोबर, बकरी ईद

नशरा महाडहून जावयाबरोबर आली. जेवणं झाल्यावर पोरीने हेडफोन कानाला लावला. "अब्बा, मस्त वाजतोय की!"

मी म्हटलं, तुझ्या अम्मीला विचार. नशराने तो काढून घाईघाईत तिच्या डोक्यावर बसवला. उलटा. डावा भाग उजव्या कानावर, उजवा डाव्यावर.

"आता?"

"आता पण तसंच. डावीकडून काही नाही."

नशरा हसली. मी नाही हसलो. जो भाग मी अडीच आठवडे मेलेला समजत होतो, तो तिच्या उजव्या कानात वाजत होता. आणि जो चांगला, तो डाव्यावर मुका.

हेडफोन काढला. तिच्या मागे उभा राहून डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. एकदा, दोनदा. तिने मान वळवली नाही.

वायर कधीची चांगली होती.

२९ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मशीनवर तपासलं. डावा कान जवळजवळ गेलेला.

"कधीपासून, काका?"

हव्वा खाली बघत होती. मीच म्हटलं, तीन आठवडे होत आले. गुणगुण, चक्कर, सगळं सांगितलं. माझं मलाच ऐकवत नव्हतं.

बाई चांगल्या आहेत, बोलल्या नाहीत लागेलसं. "अचानक जातो कधी कधी. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झालं तर परत यायची बरीच शक्यता असते. आता गोळ्या देते, बघू या."

पहिल्या काही दिवसांत मी काय करत होतो? डाग देत होतो.

३ नोव्हेंबर

दुकानात मन लागत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, एसी गार होत नाही, तर मी आधी विचारतो – खिडकी उघडी असते का, माणसं किती, ऊन कुठून येतं. मशीन मागाहून उघडतो. एवढी अक्कल आहे मला. घरी ती कुठे ठेवली होती?

ती म्हणाली काढून ठेवला तरी येतं. सरळ मराठीत सांगितलं तिने! आणि मी ग्राउंडची तार शोधतोय.

१२ नोव्हेंबर

गोळ्या संपल्या. पुन्हा तपासलं. फरक नाही.

येताना रिक्षात मी तिच्या डावीकडे बसलो होतो. काहीतरी बोललो, तिने ऐकलं नाही. रिक्षा थांबवली, उतरून पलीकडून चढलो. रिक्षावाला बघत राहिला. हव्वा म्हणाली, "किती करता हो."

किती? काय केलं मी?

१८ नोव्हेंबर

आज जेवताना हव्वा आपणहून बोलली. फोन उजव्या कानाला धरला तरच ऐकू येतं, हे तिला पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळलं होतं. वायर चांगली आहे, हेही.

मी म्हटलं, "मग रोज डावीकडून येत नाही, डावीकडून येत नाही, का सांगत होतीस?"

भात वाढत म्हणाली, "येतं म्हटलं असतं तर तुम्ही माझ्या शेजारून उठून गेला असता."